घाबरले, घाबरते, भित्रे आहे



मराठीच्या अभ्यासपुस्तिकेत कोळ्यांवरचा लेख पाहून तुम्हाला नवल वाटणे साहजिक आहे. भाषाविज्ञान हा माझा विषय. गेली अठ्ठावीस वर्षे मी साताऱ्याच्या एका महाविद्यालयात तो शिकवीत आलो आहे आणि रविवारी संपर्कसत्रांसाठी सांगलीला जात आलो आहे. क्रियापद आणि विशेषण यांतील फरक मी इतक्या वेळा फळ्यावर लिहिला आहे, की तो मला पुरता कळला आहे अशी माझी समजूत होती. ती समजूत सहा लहान कोळ्यांनी दूर केली. त्यांपैकी एकाचा जीव त्यात गेला आणि तो माझ्या हातून गेला. म्हणून हा लेख.

ऑगस्ट २०१९ मधील महापूर तुमच्यापैकी सांगलीकरांना सांगण्याची गरज नाही. आयर्विन पुलापाशी कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फुटांची; त्या वर्षी पाणी ५७ फुटांच्याही वर गेले. माझा धाकटा भाऊ गावभागात राहतो. पाणी उंबऱ्याला लागण्याआधी तो, वहिनी आणि त्यांचा मुलगा तासगाव-विट्याच्या रस्त्याने साताऱ्याला माझ्याकडे आले. घाईत माणूस काय उचलतो, यावरून त्याचे मन कळते, असे म्हणतात. भावाने घराची कागदपत्रे आणली, वहिनींनी औषधे आणि देव आणले. अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या पुतण्याने मात्र मांडीवर एक थर्माकोलचे खोके धरले होते. त्यात ओळीने सहा पारदर्शक डब्या होत्या, प्रत्येक डबीत दोन बोटे ओलसर कोकोपीट होते आणि त्यात पाय पसरले तर रुपयाच्या नाण्याएवढे भरेल असे एकेक पिल्लू होते.

ती टॅरंटुलाची पिल्ले होती. मुंबईतील एका छंदप्रेमी गृहस्थांकडे बंदिवासातच जन्मलेली, एकाच अंडकोशातून निघालेली सहा भावंडे. जात ब्राझीलची, शास्त्रीय नाव लॅसिओडोरा पॅराहायबाना. या जातीची पूर्ण वाढलेली मादी पाय पसरून जेवणाच्या ताटलीएवढी होते, दहा-पंधरा वर्षे जगते आणि तिच्या एका अंडकोशात कधीकधी दोन हजारांपर्यंत अंडी असतात. नराचे आयुष्य त्या मानाने थोडके. पिल्ले झपाट्याने वाढतात आणि वाढताना वारंवार कात टाकतात. ही माहिती पुतण्याने मला पहिल्याच रात्री दिली. मी ती ऐकली. पण माझे लक्ष होते ते शब्दाकडे.

टॅरंटुला हा शब्द इटलीतील टारांटो या बंदराच्या नावावरून आला. तेथील शेतांत आढळणाऱ्या एका कोळ्याच्या दंशाने माणूस पिसाटतो आणि केवळ बेभान नाचूनच बरा होतो, अशी तेथील लोकांची शतकानुशतकांची समजूत होती. टारांटेला हे नृत्याचे नाव त्याच गावाशी जोडलेले आहे. तो मूळ कोळी आज ज्यांना आपण टॅरंटुला म्हणतो त्या कुळातला नव्हेच. युरोपीय लोक अमेरिका खंडात गेले, तेथे त्यांना मोठे केसाळ कोळी दिसले आणि घरून नेलेले नाव त्यांनी त्यांना चिकटवले. नावाबरोबर भीतीही गेली. एका प्राण्यावर चुकीने बसलेला आळ दुसऱ्या प्राण्याच्या माथी आला, आणि तोच शब्द प्रवास करीत आपल्या मराठीत पोहोचला. आपल्या भाषेतला ‘कोळी’ हा शब्द त्या मानाने शांत आहे. जाळे विणणारा तोही कोळी आणि जाळे टाकणारा तोही कोळी. दोघेही आपापल्या कामावरून ओळखले जातात. हे सारे मी त्या रात्री पुतण्याला मोठ्या उत्साहाने सांगितले. त्याने ऐकून घेतले आणि विचारले, “काका, तुमच्या घरात सगळ्यात उबदार जागा कुठली?”

पाणी ओसरल्यावर भाऊ आणि पुतण्या घरातील गाळ काढण्यासाठी सांगलीला परतले. त्या घरात डब्या नेणे शक्य नव्हते. निघताना पुतण्याने मला चार गोष्टी सांगितल्या. दर दोन-तीन दिवसांनी लहान रातकिडा द्यायचा. माती एका कोपऱ्यात ओलसर ठेवायची. डबी हलवायची नाही. आणि दिलेला रातकिडा खाल्ला नाही तर त्याच दिवशी बाहेर काढायचा. “आणि ही वही जवळ ठेवा,” असे म्हणून त्याने एक दोनशे पानी वही खोक्यापाशी ठेवली. तिच्यावर दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्र पडले, आणि नंतरचे काही दिवस तिच्यावर वर्तमानपत्रे पडतच राहिली.

मी माझी स्वतंत्र वही केली. शिक्षकाची सवय, वर्ग समोर आला की हजेरीपट तयार होतो. डब्यांना क्रमांक होतेच, पण क्रमांकांनी माझे समाधान होईना. चार दिवसांत मी सहाही पिल्लांची प्रकृती ठरवून टाकली. पहिले धीट, झाकण उघडले तरी जागचे हलत नसे. दुसरे भित्रे, सावली पडली की बिळात. तिसरे खादाड. चौथे हट्टी, समोर आलेले भक्ष्य पायाने लोटून देई. पाचवे आळशी, दिवसेंदिवस एकाच जागी. सहावे रागीट, झाकण उघडताच पुढचे पाय उभारून ठाकत असे. एकाच आईची, एकाच दिवशी जन्मलेली, एकाच मातीत वाढलेली सहा पिल्ले आणि सहा स्वभाव! येणाऱ्या-जाणाऱ्यांना मी डब्या दाखवी आणि प्रत्येकाची ओळख करून देई. लोकांना मौज वाटे. मलाही वाटे.

आणखी एक गोष्ट माझ्या लक्षात यायला हवी होती, ती आली नाही. ‘पिल्लू’ हा शब्द मराठीत नपुंसकलिंगी आहे आणि या वयात कोळ्याचा नर-मादी हा भेद वरवर पाहून कळत नाही. म्हणजे व्याकरण आणि वस्तुस्थिती यांचा येथे दुर्मीळ मेळ होता. तरीही आठवडाभरात मी सहाव्याला ‘तो रागीट’ आणि दुसऱ्याला ‘ती भित्री’ असे म्हणू लागलो होतो. विशेषण आले आणि मागोमाग लिंगही आले. कोणी शिकवले नव्हते. भाषेने आणि तिच्यात मुरलेल्या समाजाने ते माझ्याकडून करवून घेतले.

आता चौथ्या डबीविषयी. ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यापासून त्या पिल्लाने खाणे सोडले. मी रातकिडा देई, ते त्याला पायाने दूर सारी; सायंकाळी मी तो काढून घेई. असे नऊ दिवस चालले. ‘हट्टी’ हा शब्द माझ्या वहीत होताच, आणि हट्टावरचा उपाय आपल्याकडे घरोघरी ठाऊक आहे. ताट समोर ठेवावे. भूक लागली की मूल मुकाट्याने जेवते. त्या रात्री मी रातकिडा काढला नाही. मनात म्हटले, पाहू कोण हरते.

सकाळी पिल्लू पाठीवर पडलेले होते आणि रातकिडा त्याला कुरतडत होता.

ते पाठीवर पडले होते ते मेल्यामुळे नव्हे. टॅरंटुला कात टाकताना पाठीवर होतो. जुने कवच फाटते आणि त्यातून तो एकेक पाय काही तास सावकाश सोडवून घेतो. त्या वेळी त्याची नवी त्वचा सायीसारखी मऊ असते, विषदंतसुद्धा मऊ असतात, आणि एरवी ज्याला तो क्षणात गिळंकृत करील असा किडाही त्याला मारू शकतो. म्हणूनच कात टाकण्यापूर्वी तो खाणे थांबवतो. त्याने रातकिडा नाकारला त्यात हट्ट नव्हता. ती तयारी होती. मी रातकिडा काढला, पण उशीर झाला होता. पिल्लाचे तीन पाय जुन्या कवचातच राहिले. दुसऱ्या दिवशी दुपारी ते गेले.

पुतण्याला फोन करणे भाग होते. तो त्या वेळी घराच्या भिंतीवरचा गाळ खरवडत होता. मागून पाण्याच्या बादल्यांचा आवाज येत होता. मी सांगितले. तो काही वेळ बोलला नाही. मग म्हणाला, “रातकिडा काढायला विसरला का, काका?” विसरलो म्हटले असते तर निभावले असते. “नाही रे, मुद्दाम ठेवला होता,” मी म्हणालो. पुन्हा काही क्षण गेले. “बरं,” तो म्हणाला, “वहीत तारीख घाला. चौथ्या डबीचं पान आहे बघा.”

तेव्हा मी वर्तमानपत्रांखालची ती वही प्रथम उघडली.

मित्रहो, मी आयुष्यभर वाचण्याचा पगार घेतला आहे. आणि माझ्या टेबलावर तीन आठवडे पडलेली, मला वाचण्यासाठीच दिलेली वही मी वाचली नव्हती. प्रत्येक डबीला दोन-दोन पाने होती. रकाने चार: तारीख, तापमान, काय दिले, काय केले. शेवटच्या रकान्यात अशी वाक्ये होती: ‘बिळातून आले. दोन मिनिटांनी पकडले.’ ‘आले नाही.’ ‘पोट काळपट, चकचकीत. खात नाही.’ चौथ्या डबीच्या पानावर जूनमध्ये हीच शेवटची नोंद होती, तिच्याखाली सलग आठ दिवस ‘खात नाही’ असे होते, आणि मग ‘कात टाकली. पाच दिवस काही द्यायचे नाही.’ जुलैमध्ये पुन्हा तेच चक्र होते. मला हवे ते सारे तेथे लिहिलेले होते. मी वही शेवटपर्यंत चाळली. सहा डब्यांच्या बारा पानांत स्वभाव सांगणारे विशेषण एकही नव्हते.

आता आपल्या अभ्यासविषयाकडे येतो. पुढील तीन वाक्ये पाहा. ‘ते घाबरले.’ ‘ते घाबरते.’ ‘ते भित्रे आहे.’ पहिले वाक्य एका घटनेविषयी आहे. ते खरे की खोटे हे एकदा पाहून ठरते. दुसरे रीतीविषयी आहे. ‘घाबरते’ म्हणायचे तर ते पुन्हा पुन्हा पाहिलेले असले पाहिजे. तिसऱ्या वाक्यात घटनाही नाही आणि वारंवारताही नाही. तेथे गुण थेट प्राण्याच्या ठायी नेऊन बसवला आहे. मराठीत ‘घाबरलेले आहे’ आणि ‘भित्रे आहे’ या दोन्हींत ‘आहे’ एकच. पण पहिले विशेषण आत्तापुरते आणि दुसरे कायमचे. त्याचप्रमाणे ‘ते शांत आहे’ आणि ‘ते शांत असते’ यांत आपली भाषा किती बारीक भेद करते पाहा. ‘असते’ म्हणणाऱ्याने निदान चार वेळा डोकावून पाहिलेले असावे, अशी भाषेची अपेक्षा आहे. अवस्था सांगणारी विधाने आणि व्यक्तीचा स्थायी गुण सांगणारी विधाने यांचे व्याकरण वेगळे असते, हे ग्रेग कार्लसन या अमेरिकी भाषावैज्ञानिकांनी १९७७च्या आपल्या प्रबंधात इंग्रजीच्या आधारे दाखवून दिले. मी तो भेद शिकवीत होतो. डबीसमोर उभा राहिल्यावर मात्र पहिल्या पायरीवरून थेट तिसरीवर उडी मारीत होतो.

मधली पायरी चढून पाहायची, असे मी ठरवले. उरलेली पाच पिल्ले आणखी महिनाभर माझ्याकडे राहणार होती. पहिली आणि तिसरी डबी स्वयंपाकघरातील फडताळावर होती, दुसरी आणि पाचवी बाहेरच्या खोलीत खिडकीपाशी, सहावी माझ्या टेबलावर. साताऱ्याचा श्रावण-भाद्रपद तुम्ही जाणता. खिडकीपाशी पारा २२ अंशांवर असे, तर फडताळावर २६ अंशांच्या आसपास. कोळ्याचे शरीर आपल्यासारखे स्वतः ऊब निर्माण करीत नाही. हवा गार झाली की त्याचे चालणे, खाणे, पचवणे सारेच मंदावते. मी डब्यांची अदलाबदल केली आणि पुतण्याच्या वहीत, त्याच्याच रकान्यांत नोंदी लिहू लागलो. विशेषण लिहायचे नाही, एवढा नियम केला. तो पाळणे वाटले त्याहून अवघड गेले.

तीन आठवड्यांनी काय दिसले? फडताळावर गेलेले ‘आळशी’ पाचवे पिल्लू रातकिडा पडताच मिनिटभरात पकडू लागले. खिडकीपाशी आलेल्या ‘खादाड’ तिसऱ्याचे भक्ष्य सायंकाळपर्यंत तसेच पडून राहू लागले. म्हणजे ज्याला मी आळस आणि खादाडपणा म्हणत होतो, तो चार अंशांचा फरक होता. सहाव्याचे प्रकरण आणखी साधे निघाले. त्या डबीचे झाकण घट्ट होते. ते उघडताना दर वेळी हिसका बसे आणि डबी हादरे. मी झाकण बदलले. त्यानंतर चौदा वेळा डबी उघडली, त्यांपैकी पिल्लाने पाय उभारले ते दोनदा. राग होता तो बहुतांशी झाकणात होता.

पहिले आणि दुसरे मात्र बदलले नाहीत. जागा बदलली, ऊब बदलली, तरी पहिले बाहेर बसून राही आणि दुसरे दिवे मालवल्याशिवाय बिळाबाहेर येत नसे. हेही तितक्याच प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. एका पोटच्या पिल्लांत फरक नसतोच, असा माझा निष्कर्ष नाही. फरक असतो. पण मी सहा सांगितले होते. नोंदींच्या गाळणीतून दोन उरले. तेही तीन आठवड्यांपुरते.

प्राण्यांतील असे व्यक्तिगत फरक हा आज जीवशास्त्रातील एक मोठा अभ्यासविषय आहे, हे मला पुढे वाचनातून कळले. आपल्या देशातील कोरड्या, काटेरी झुडपांच्या प्रदेशात स्टेगोडिफस सारासिनोरम नावाचे समूहाने राहणारे कोळी असतात. एकाच जाळ्यात शेकडो कोळी, तेही एकमेकांचे निकटचे नातलग. त्यांच्या धीटपणाची चाचणी अशी घेतात: कोळ्यावर हवेची हलकी फुंकर सोडतात, तो पाय आवळून निपचित होतो, पुन्हा हालचाल करायला त्याला किती सेकंद लागतात ते मोजतात. आणि महत्त्वाचे म्हणजे, हे एकदा मोजून थांबत नाहीत. त्याच कोळ्याची तीच चाचणी दिवसांच्या अंतराने पुन्हा घेतात. उत्तरात सातत्य असेल तरच त्याला स्वभाव म्हणतात. भारतात झालेल्या आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे आढळले, की भक्ष्य पकडायला पुढे होण्याच्या बाबतीत या कोळ्यांच्या वागण्यात दीर्घकाळ सातत्य होते; जाळ्याच्या डागडुजीच्या बाबतीत मात्र तसे नव्हते. म्हणजे ‘हा कामसू, तो कामचुकार’ असे सरसकट म्हणता येत नाही; कोणत्या कामात, हे विचारावे लागते.

या शास्त्रालाही ठेच लागली आहे. सामाजिक कोळ्यांच्या स्वभावावरचा एक गाजलेला लेख ‘द अमेरिकन नॅचरलिस्ट’ या नियतकालिकातून जानेवारी २०२० मध्ये मागे घेण्यात आला. मुख्य लेखिकेने दुसऱ्याकडून मिळालेले मूळ आकडे स्वतः पुन्हा तपासले, तेव्हा वेगवेगळ्या कोळ्यांच्या नावावर सेकंदाच्या शतांशापर्यंत तेच तेच आकडे पुन्हा पुन्हा आलेले तिला दिसले. तिने ते लपवले नाही. आपलाच लेख मागे घेण्याची विनंती केली. वहीवर विश्वास ठेवायचा तो वही म्हणून नव्हे, ती पुन्हा तपासता येते म्हणून.

येथे एक गोष्ट स्पष्ट करतो. टॅरंटुला पाळावेत, असे सुचवण्याचा माझा हेतू नाही. आपल्या सह्याद्रीत या कुळातील कोळी आहेतच. झाडांच्या ढोलींत आणि सालींखाली राहणारे पीसिलोथेरिया, जमिनीत बिळे करणारे इतर काही. परदेशी छंदबाजारात त्यांना मोठी मागणी असते. ज्या ऑगस्टमध्ये सांगली पाण्याखाली होती, त्याच ऑगस्टमध्ये जिनिव्हा येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेत भारत आणि श्रीलंकेतील पीसिलोथेरिया या संपूर्ण प्रजातीच्या व्यापारावर नियंत्रण आणण्याचा निर्णय झाला. अशा यादीतील प्राण्यांसाठी आपल्या वन्यजीव संरक्षण कायद्यातही २०२२च्या दुरुस्तीने स्वतंत्र अनुसूची आली आहे. तेव्हा कोयनेच्या किंवा चांदोलीच्या रानात असा कोळी दिसला, तर तो पाहावा, नोंद करावी आणि तेथेच राहू द्यावा.

पुरानंतर आपली संपर्कसत्रे पुन्हा सुरू झाली ती दिवाळीच्या सुमारास, आणि काही अडचणींमुळे सकाळऐवजी दुपारी. माझ्या वर्गात चाळिशीच्या एक विद्यार्थिनी होत्या. शेवटच्या बाकावर बसत, मान खाली, कधी एक प्रश्न नाही. जूनमधील माझ्या टिपणवहीत त्यांच्या नावापुढे मी ‘निरुत्साही’ असा शब्द लिहिला होता. दुपारच्या पहिल्याच सत्रात त्यांनी विभक्तिप्रत्ययांवर असे तीन प्रश्न विचारले, की मला तिसऱ्याचे उत्तर पुढच्या रविवारी द्यावे लागले. सत्र संपल्यावर मी म्हणालो, “ताई, एवढे दिवस तुम्ही काहीच विचारलं नाहीत.” त्या हसल्या. “सर, शनिवारची रात्रपाळी असते मिरजेला, दवाखान्यात. सकाळी तिथनंच यायची. डोळे उघडे ठेवायचे एवढंच जमायचं.”

मी घरी येऊन तो शब्द खोडला. त्या जागी दुसरे विशेषण लिहिण्याचा मोह झाला: ‘जिज्ञासू’, ‘कष्टाळू’. तोही आवरला. ‘दुपारी तीन प्रश्न विचारले,’ असे लिहिले आणि तारीख घातली.

तुमच्यापैकी अनेकांना शाळेत असताना कोणी ना कोणी ‘ढ’ म्हटले असेल, ‘हिचे अभ्यासात लक्ष नाही’ असे प्रगतिपुस्तकावर लिहिले असेल. ते लिहिणाऱ्याने किती वेळा पाहिले होते, कोणत्या वेळी पाहिले होते, घरात काय चालले होते हे विचारले होते का, याचा रकाना त्या पुस्तकात नव्हता. मी स्वतः असे शेरे कितीतरी लिहिले आहेत. ते आता मागे घेता येत नाहीत. तुम्ही इतक्या वर्षांनी पुन्हा पुस्तक उघडले, ही घटना आहे. ती त्या विशेषणाहून अधिक खरी आहे.

या अभ्यासक्रमात पुढे तुम्हाला आपल्या परिसरातील बोलीचे नमुने गोळा करायचे आहेत. तेव्हा ही गोष्ट आठवावी. जतच्या एका आजोबांनी एकदा ‘करायलाय’ म्हटले, म्हणून ‘जतला असेच बोलतात’ असे लिहू नका. कोणी म्हटले, कोणाशी बोलताना म्हटले, त्याच आजोबांनी तलाठ्यापुढे काय म्हटले, हे लिहा. एकदा ऐकले असेल तर ‘म्हणाले’ लिहा. पुष्कळदा, पुष्कळांकडून ऐकले असेल तर ‘म्हणतात’ लिहा. ‘त्यांची भाषा अशी आहे’ हे वाक्य शेवटी येऊ द्या. आणि आले नाही तरी चालेल.

ऑक्टोबरमध्ये पुतण्या डब्या घेऊन गेला. पुढे पिल्ले मोठी झाली, तेव्हा टाकलेली कात तपासून त्यांचे नर-मादी कळले. मी ज्याला ‘तो रागीट’ म्हणत होतो ती मादी निघाली आणि आजही सांगलीला आहे; ‘ती भित्री’ नर होता, आपले छोटे आयुष्य संपवून गेला. वही पुतण्याकडेच आहे. परवा सांगलीला गेलो असता मी ती मागून घेतली आणि चौथ्या डबीचे पान काढले. माझ्या अक्षरातील शेवटची नोंद तशीच आहे: ‘२९ ऑगस्ट. नऊ दिवस खाल्ले नाही. रातकिडा रात्रभर आत ठेवला. कात टाकत होते.’ त्या रात्री फोन ठेवल्यावर मी ती लिहिली होती. विशेषण न वापरता मी लिहिलेले ते पहिले पान होते.